कान्हेरीचा डोंगर : लेणी आणि जंगल हा एकच वारसा

कान्हेरीला जाताना दोन तिकिटं काढावी लागतात. पहिलं बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात, वन विभागाचं. तिथून सहा-सात किलोमीटर जंगलातून वर गेल्यावर लेण्यांच्या पायथ्याशी दुसरं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. पहिलं तिकीट झाडांचं, बिबट्याचं, तलावांचं. दुसरं दगडाचं. आपल्या मंडळांच्या, महिला संघांच्या, विद्यार्थी गटांच्या सहली वर्षानुवर्षं ही दोन तिकिटं काढत आल्या आहेत आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलेलं नाही. मलाही दिसलं नव्हतं. वस्त्यांमध्ये काम करताना बांधकामाच्या, विस्थापनाच्या, पाण्याच्या प्रश्नांवर दोन वेगवेगळ्या कार्यालयांच्या खेटा घालायला लागल्या तेव्हा कुठे हे लक्षात यायला लागलं.

हा डोंगर दोन खात्यांत वाटला गेला ती प्रशासनाची सोय आहे. ज्यांनी तो कोरला, ज्यांनी त्यासाठी दान दिलं आणि जे तिथे राहिले त्यांनी तो असा वाटलेला नव्हता. आज महाराष्ट्रात लेणी-संवर्धनाची मोठी चळवळ उभी आहे. तरुण मुलं-मुली रविवारी लेणी साफ करतात, धम्मलिपी शिकतात, शिलालेख वाचतात, अतिक्रमणांविरुद्ध अर्ज करतात. हे काम मोलाचं आहे. पण ते अजून बहुतेक दुसऱ्याच तिकिटाच्या हद्दीत चालतं. पहिल्या तिकिटाचा प्रश्न आपण ‘पर्यावरणवाल्यां’वर सोडून दिला आहे.

‘पवित्र’ हा शब्द

जगभरच्या वारसा-संवर्धनात ‘पवित्र भूप्रदेश’ ही कल्पना आता रुळली आहे. एखादा डोंगर, नदी, वन, तळं आणि त्याच्याशी जोडलेली श्रद्धा, वस्ती, कला, स्मृती हे सगळं मिळून एक वारसा, अशी ती कल्पना. युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२चा. नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही वारशांना त्याने एकाच करारात आणलं, पण त्यांच्या व्याख्या मात्र वेगळ्या ठेवल्या. १९९२मध्ये ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा प्रकार मान्य झाला आणि माणूस व निसर्ग यांनी मिळून घडवलेल्या जागांना त्यात स्थान मिळालं. २००८मध्ये निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने आणि युनेस्कोने संरक्षित वनांच्या व्यवस्थापकांसाठी पवित्र नैसर्गिक स्थळांबद्दल मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

आपल्यापैकी अनेकांना ‘पवित्र’ हा शब्द खटकेल, आणि खटकायलाच हवा. पवित्र-अपवित्राच्या नावाखाली पाण्यावरून आणि देवळातून हाकललेल्या समाजाची आपण मुलं आहोत. महाडचं तळंही कुणाच्या तरी लेखी पवित्रच होतं. म्हणून या कल्पनेचा बौद्ध अर्थ आपण आपल्याच परंपरेतून घेतलेला बरा. महापरिनिब्बान सुत्तात चार स्थानं सांगितली आहेत ती ‘संवेजनीय’ म्हणून, म्हणजे जिथे गेल्यावर मन हलतं, जागं होतं अशी. स्पर्शाने विटाळणाऱ्या जागेचा तिथे प्रश्नच नाही. आणि ती चार स्थानं कुठली, तेही पाहा. लुंबिनी हे सालवन. बोधगयेला पिंपळ. सारनाथ म्हणजे इसिपतनचं मृगदाय, हरणांना अभय असलेलं वन. कुशिनारा म्हणजे जोड सालवृक्ष. चारही ठिकाणी सगळ्यात आधी झाडं होती. स्तूप, विहार, लेख, यात्रा हे सगळं त्या झाडांभोवती नंतर आलं.

दगडातलं पाणी

कान्हेरीच्या शिलालेखांत या डोंगराचं नाव कण्हसेल, कण्हगिरी, पुढे कृष्णगिरी असं येतं. नावातच डोंगर आहे. शंभरहून अधिक लेणी आणि सुमारे हजार वर्षांची वस्ती एवढं मोठं हे केंद्र. सोपारा, कल्याण, चेमुल म्हणजे चौल, नाशिक इथले दाते त्यात दिसतात. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह दोन व्यापारी भावांच्या पुढाकारातून उभं राहिलं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली, तीही तिथेच आहेत. डॉ. शोभना गोखले यांच्या कान्हेरी शिलालेखांवरच्या ग्रंथामुळे हे सगळं एकत्र वाचता येतं. धम्मलिपी शिकणाऱ्या प्रत्येक गटाजवळ तो असायला हवा.

पण या लेखांत दान कशाचं आहे ते नीट पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. मूर्ती आणि स्तूप आहेतच. त्यांच्याबरोबर वारंवार येणारा एक शब्द म्हणजे ‘पोढी’, पाण्याचं कोरीव टाकं. कल्याणच्या एका सोनाराने, स्वामिदत्ताने, पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने, नंदाने, वाट दिली. डोंगरावर चढायची वाट हे त्याचं धम्मदान! यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षीच्या एका लेखात कल्याणच्या व्यापाऱ्याने लेणं दिलं, संघाकडे २०० कार्षापणांची अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव ठेवली आणि मंगलथाण गावातलं शेतही दिलं. त्या उत्पन्नातून वर्षावासात तिथे राहणाऱ्या भिक्खूच्या चीवराची सोय करायची होती. ठेव, शेत, पाऊस आणि चीवर, सगळं एका लेखात.

आज कान्हेरीला फिरताना बहुतेक लोक मोठ्या बुद्धमूर्तीसमोर फोटो काढून परततात. मी नव्या मुलांना घेऊन जाते तेव्हा त्यांना आधी पाण्यामागे चालायला सांगते. लेण्याच्या दारावर, कपाळपट्टीवर, अंगणाच्या कडेने खडकात कोरलेल्या पन्हळी दिसतात. उतारावरून येणारं पावसाचं पाणी त्या अडवतात, वळवतात आणि टाक्यात सोडतात. एक टाकं भरलं की पाणी खालच्या टाक्यात जातं. जवळजवळ प्रत्येक राहत्या लेण्याला त्याचं टाकं आहे. काही टाक्यांत भर उन्हाळ्यातही पाणी असतं. कोकणात चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडे. त्या हिशोबाने एवढ्या मोठ्या संघाचं पाणी या डोंगराने सांभाळलं. पाण्याची ही सोय नसती तर कान्हेरी हे पावसाळ्यापुरतं आसऱ्याचं ठिकाण राहिलं असतं. वर्षभर नांदणारं विद्यापीठासारखं केंद्र तिथे झालं नसतं.

आता हे पाणी येतं कुठून? लेण्याच्या वरच्या उतारावरून. तिथे झाडोरा आणि गवत असेल तर माती धरून राहते आणि पन्हळीतून येणारं पाणी गाळ कमी आणतं. उतार उघडा पडला की टाकी गाळाने भरतात, पन्हळी तुंबतात, पाणी भलत्याच भिंतीवरून झिरपतं आणि तिथला लेख किंवा शिल्प खराब होतं. म्हणजे वरच्या उतारावरचं जंगल हा लेण्यांच्या बांधणीतलाच एक भाग आहे. तो भाग वन विभागाकडे आणि टाकं पुरातत्त्व खात्याकडे!

विनयातलं हिरवं गवत

वर्षावास कसा सुरू झाला, हे आपण विहारात दरवर्षी ऐकतो, पण त्यातलं कारण चटकन विसरतो. महावग्गात सांगितलं आहे की भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्या तक्रारीवरून बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे वर्षावासाच्या मुळाशी गवत आणि किडे-मुंग्या आहेत. पुढे पातिमोक्खात वनस्पती तोडल्याबद्दल, जमीन खणल्याबद्दल, जीव असलेलं पाणी वापरल्याबद्दल पाचित्तिय नियम आले. हिरव्या पिकावर किंवा पाण्यात घाण करू नये हा नियम सेखियांत आहे. भिक्खूने झाडाची फांदी मोडली तर तो अपराध होता, हे आपल्या लेणी-सहलीत करवीची फुलं ओरबाडणाऱ्या पोरांना सांगितलं की ती एकदम गप्प होतात.

अशोकाच्या लेखांतही हे दिसतं. रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, हे त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. जंगलं विनाकारण जाळू नयेत, असं पाचव्या स्तंभलेखात आहे. कान्हेरीपासून फार लांब नसलेल्या सोपाऱ्याला १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो धम्मयात्रेचा लेख आहे. अशोकाचा धम्म या किनाऱ्यापर्यंत पोचला होता, याचा तो पुरावा.

मला सगळ्यात आवडतो तो जुन्नरचा दाखला. तिथल्या मानमोडी डोंगरातल्या एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने दिलेलं दान आहे. वीस निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी, नऊ निवर्तनं वडांसाठी, आणि हे सगळं कोणाचिक श्रेणीकडे सोपवलेलं. बाहेरून आलेल्या, परक्या म्हणवल्या गेलेल्या एका माणसाने धम्माला दिलेली भेट झाडांची आहे आणि ती सांभाळायची जबाबदारी कारागिरांच्या संघटनेची आहे. आपल्याकडे वृक्षारोपणाचे कार्यक्रम खूप होतात, फोटोही निघतात. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र झाडांच्या देखभालीच्या उत्पन्नाची तजवीजसुद्धा दगडात कोरली होती.

वाटणी कशी झाली

१९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा लेण्यांना लागू आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र झालं. जंगलाला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. एका कायद्याला भिंत, शिल्प आणि अंतर दिसतं, दुसऱ्याला प्राणी, झाड आणि क्षेत्रफळ. पन्हळीतलं पाणी, लोहाराने दिलेली वाट, डोंगरावर पसरलेल्या लहान लेण्यांमधले संबंध हे दोघांच्याही तपासणी-यादीत नीट बसत नाहीत. ३०० मीटरच्या पलीकडचा उतार खचला तर पुरातत्त्व खातं काय करणार, आणि उतारावरच्या कोरीव पन्हळीला वन विभाग काय म्हणून सांभाळणार?

गंमत म्हणजे संविधानाने या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या संरक्षणाचं आहे, ते मूळ संविधानातच होतं. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने त्याच्या अगदी आधी ४८-क आलं, पर्यावरण, वनं आणि वन्यजीवांच्या संरक्षणाचं. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ५१-कमधल्या मूलभूत कर्तव्यांतही (च) संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं आणि लगेच (छ) वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं. आपण संविधान दिनाला प्रास्ताविका वाचतो. कान्हेरीत एखाद्या वर्षी ही दोन कलमं एकत्र वाचायला हरकत नाही.

वाटणीचा परिणाम पाहायचा तर फार लांब जायला नको. वर ज्या मंगलथाण गावाचं नाव आलं ते म्हणजे आजचं मागाठाणे. बोरिवलीतच. मागाठाणे म्हटलं की आता बसचा डेपो आणि मेट्रोचं स्टेशन आठवतं. तिथेही बौद्ध लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली. ती वस्तीच्या आणि इमारतींच्या मध्ये दबली आहेत. भोवतालचं शेत, ओढा, उतार सगळं गेलं. कान्हेरीला पोसणारं ते शेत होतं, हे तिथे राहणाऱ्या आपल्याच लोकांनाही माहीत नसतं. आजूबाजूचा भूप्रदेश गेला की लेणं नुसतं भोक उरतं, हे तिथे गेल्यावर कळतं. कान्हेरी आज वेगळी दिसते ती तिच्याभोवती सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे म्हणून. पूर्वी उद्यानाचं नावही कृष्णगिरी होतं. म्हणजे लेण्यांना जंगलाने वाचवलं, हे आपण मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

अजिंठ्याचंही तसंच आहे. १९८३मध्ये जागतिक वारशाच्या यादीत ते सांस्कृतिक स्थळ म्हणून गेलं. वाघूर नदीचा तो नालाकृती कडा नसता तर अजिंठा अजिंठा झाला असता का? पश्चिम घाट २०१२मध्ये यादीत आला, तो नैसर्गिक म्हणून. घाटातल्या लेण्यांचा, वाटांचा त्यात हिशोब नाही.

कांचनजंगा आणि नियमगिरी

हे दोन्ही एकत्र धरता येतात, याचा भारतातला पहिला मोठा दाखला बौद्ध भूमीतच आहे. सिक्कीममधलं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान २०१६मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं ते ‘मिश्र’ स्थळ म्हणून, निसर्ग आणि संस्कृती दोन्ही निकषांवर. भारतातलं ते पहिलंच मिश्र स्थळ. सिक्कीमच्या बौद्धांसाठी हा सगळा प्रदेश ‘बेयुल’ म्हणजे गुप्त, आसऱ्याची भूमी आहे, आणि लेपचांच्या स्वतःच्या कथाही त्याच डोंगराशी बांधलेल्या आहेत. १९५५मध्ये शिखर पहिल्यांदा चढून गेलेले गिर्यारोहक माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले. स्थानिक श्रद्धेला दिलेला शब्द त्यांनी पाळला. २००१मध्ये सिक्कीम सरकारने या शिखरावर चढाईला बंदी घातली.

पण ही मान्यता कुणी सहज दिलेली नव्हती. युकसोमजवळच्या राथोंग चू नदीवर जलविद्युत प्रकल्प येत होता. नदी पवित्र, तिच्या काठचा परिसर सिक्कीमच्या बौद्ध इतिहासाचा. भिक्खू आणि नागरिक रस्त्यावर उतरले आणि १९९७मध्ये सरकारला तो प्रकल्प गुंडाळावा लागला. तेव्हा भिक्खूंनी मागणी फक्त गोंपा वाचवण्याची केली नव्हती. नदी गेली तर गोंपाचा अर्थ जातो, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरा दाखला बौद्ध नाही, पण आपल्या चळवळीने तो पाठ करावा असा आहे. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण येणार होती. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर म्हणजे नियमराजाचं घर. एप्रिल २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. या निकालाचा पाया होता २००६चा वनहक्क कायदा. त्या कायद्याचं कलम ५ काढून वाचा. हक्कधारक आणि ग्रामसभा यांना वन, वन्यजीव, पाणलोट, जलस्रोत यांचं रक्षण करण्याचा अधिकार त्यात आहेच. शिवाय त्यांच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशावर घाला घालणाऱ्या विध्वंसक गोष्टींपासून आपला अधिवास सुरक्षित ठेवण्याचा अधिकारही आहे. सांस्कृतिक आणि नैसर्गिक, दोन्ही शब्द एकाच वाक्यात. जी जोड आपण शोधत आहोत ती भारताच्या कायद्यात आहे, आणि ती आदिवासींच्या लढ्यातून आलेली आहे.

जंगलातली माणसं

यावरून कान्हेरीकडे परत येताना मला एक अवघड गोष्ट बोलावी लागते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नवापाडा, तुमणीपाडा, चुनापाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली, महादेव कोळी, कोकणा अशा समाजांची घरं. वारल्यांचा वाघोबा या जंगलात जागोजाग आहे. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर भागांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवली गेली. वाघबारशीला त्याची पूजा होते. बिबट्याला वैरी न मानता त्याच्याशी जमवून घेण्याची ही रीत आहे. दोन कोटींच्या शहराला खेटून बिबटे जगतात, त्यात या रीतीचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आपण लेण्यांत जातो तेव्हा वाटेवर काकड्या, करवंदं, बोरं विकणाऱ्या बाया याच पाड्यांतल्या असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या मुलीने एका आजींना विचारलं, वर कुठल्या टाक्यात पाणी असेल? त्यांनी तोंडी नकाशा सांगितला. कुठलं टाकं चैत्रात आटतं, कुठल्यात माकडं उतरतात, कुठलं पाणी आधी प्यायचो आणि आता पीत नाही. आमच्याजवळच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. आजींनी मग आम्हालाच विचारलं, “तुमी दरसाल येता, पन आमच्या पाड्यावर कवा येत नाय.” उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आणि झोपडपट्ट्या. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या वर्षांत हजारो झोपड्या पडल्या. काही कुटुंबांना मोठ्या संघर्षानंतर चांदिवलीच्या संघर्षनगरमध्ये घरं मिळाली, अनेकांना काहीच मिळालं नाही. मी ज्या वस्त्यांत काम केलं तिथे अशी कुटुंबं भेटली आणि त्यांत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेली घरंही होती. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या दुष्काळातून आलेली माणसं जंगलाच्या कडेला राहिली कारण शहरात दुसरी जागा त्यांना मिळाली नाही. एका काकांनी मला सरळ सांगितलं, “ताई, जंगल वाचवा म्हणू नका. जंगल वाचवायला आले त्यांनी आमचं घर पाडलं.” म्हणून आपल्या चळवळीला ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकला की बुलडोझर आठवतो. हा अविश्वास खरा आहे, कमावलेला आहे, आणि तो बाजूला सारून कुणी आपल्याला झाडांवर प्रेम करायला शिकवू नये.

पण त्यावरचं उत्तर जंगलाकडे पाठ फिरवणं हे नाही, असं माझं मत आहे. जंगल वाचवायची भाषा फक्त उंच इमारतींतल्या लोकांकडे राहिली, तर ती झोपडीविरुद्धच वापरली जाणार. याच उद्यानातले विहार आणि तुळशी हे तलाव एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला पाणी देतात. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघते. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीकाठच्या कुठल्या वस्त्या बुडाल्या, ते आपल्याला माहीत आहे. वरचे उतार पाणी किती धरतात, हा प्रश्न खालच्या वस्तीत राहणाऱ्यांचा आहे. म्हणजे आपला.

आज समोर काय आहे

उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६मध्ये अधिसूचित झालं. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४मध्ये झालं. एकूण सुमारे ११.८ किलोमीटरचा हा मार्ग बहुतांश उद्यानाच्या खालून जाणार आहे. गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे बोगदेही त्याच डोंगराच्या पोटात. हे बोगदे लेण्यांखालून जातात असं मी म्हणत नाही, आणि वरची झाडं तोडून रस्ता करण्यापेक्षा बोगदा बरा, हेही खरं. पण अशा प्रकल्पाचा विचार करताना वन्यजीवांवरचा परिणाम एका फाइलमध्ये आणि स्मारकावरचा परिणाम दुसऱ्या फाइलमध्ये पाहिला जातो. डोंगरातलं पाणी, पाड्यांतल्या विहिरी, लेण्यांची टाकी यांचा एकत्र अभ्यास मागायचा असेल तर तो मागणारा कुणीतरी हवा. बौद्ध संघटनांनी तो मागितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

२०२२च्या बुद्धपौर्णिमेला केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांच्या हस्ते कान्हेरीत पर्यटकांसाठीच्या सोयींचं उद्घाटन झालं. स्वच्छतागृहं, माहिती केंद्र हे व्हायलाच हवं होतं. त्यापुढची मागणी मात्र वेगळी आहे. लेण्यांचा आणि त्यांच्या पाणलोटाचा एकच व्यवस्थापन आराखडा, तो करताना वन विभाग, पुरातत्त्व खातं, पाड्यांतले लोक आणि बौद्ध उपासक एका टेबलाशी. महापालिकेच्या हद्दीत वनहक्काची ग्रामसभा कुणाची, हा प्रश्न पाड्यांना सतत छळतो. त्या दाव्यांना आपल्या संघटनांनी लेखी पाठिंबा द्यायला काय हरकत आहे? ‘लेणी आमची’ म्हणताना ‘जंगल तुमचं’ हे आदिवासी बांधवांना सांगायचं, आणि मग दोघांनी मिळून सरकारकडे जायचं. एकट्याने गेलं की एक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतं, हा अनुभव चळवळीतल्या कुणालाही नवा नाही.

घरचंही थोडं बघावं लागेल. मेणबत्त्या आणि अगरबत्तीच्या धुराने दगड काळा होतो. मूर्तीच्या पायांशी तेल ओतलेलं मी पाहिलं आहे. जंगलात लाऊडस्पीकर लावून वंदना घेणं आणि खाऊची पाकिटं माकडांसमोर टाकणं हे वर्षावासाच्या नियमाशी कुठे जुळतं? थेरगाथेत महाकस्सप थेरांना डोंगर आवडतात ते मोरांच्या आवाजासाठी, पावसाने धुतलेल्या खडकांसाठी. ढोल-ताशा त्यांनी मागितला नव्हता.

आमच्या गटाने गेल्या वर्षीपासून एक वही सुरू केली आहे. परवानगी असलेल्या वाटेवरून दिसणारी टाकी तेवढीच, हात न लावता. लेण्याचा क्रमांक, टाकं भरलेलं की कोरडं, गाळ आहे का, पन्हळ तुंबली आहे का, तारीख. एकदा वैशाखात, एकदा आषाढात, एकदा दिवाळीनंतर. काकडीवाल्या आजींना विचारून पाड्यातली दोन मुलं आता सोबत येतात. त्यांना टाक्यांची नावं ठाऊक आहेत, आम्हाला लेखांची. वही अजून अर्धीच भरली आहे. वर्षावास संपला की एक प्रत वन विभागाला आणि एक पुरातत्त्व खात्याला, एकाच पत्रासोबत देणार आहोत. पत्रावर दोन्ही कार्यालयांचे पत्ते एकाखाली एक असतील.